शहरात लेकरू सांभाळणाऱ्या बहिणीकडे, जावेकडे मदतीला जाताय? आधी हे वाचा, मग थैली भरा

आपल्या यवतमाळ-वाशीम-अमरावतीच्या खेड्यापाड्यातून कोणी ना कोणी बाई पुण्याला नाहीतर मुंबईला जाऊनच राहिलेली असते. बहिणीला लेकरू झालं, जावेची सुट्टी संपली, भाचीला पाळणाघरच मिळेना. जाताना मन चांगलंच असतं, तिचं कौतुक असतं, की बाप्पा एकटी कशी सांभाळत असेल. अन् पंधरा दिवसांनी परत येते तेव्हा दोघींचे तोंडं फुगलेले. ही म्हणते एवढं राबून काही किंमत नाही, ती म्हणते ताई गेली तेव्हा कुठे घर ठिकाणावर आलं.

दोघीही खोटं बोलत नसतात. गडबड होते ती क्रमात. आधी करायचं ते शेवटी, शेवटचं आधी. आपण पण आई, ती पण आई, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं आपल्याला माहीतच आहे, पण तिथली वेळ वेगळी, दार वेगळं, पाणी वेगळं, अन् तिनं रात्र रात्र जागून तिची एक घडी बसवलेली असते. ती घडी मोडायची नाही आणि तिच्या डोक्यावरचं एक तरी काम पुरतं आपल्या डोक्यावर घ्यायचं, खरं कौतुक ते. साडी-चोळी नंतर.

## १. आधी फोन, आणि फोनवर नेमकं विचारणं

"काही लागलं तर सांग बरं" हे वाक्य पहिले बंद करा. ऐकायला गोड आहे पण त्यात सगळं काम तिच्यावरच येतं, काय लागते ते तिनंच ठरवायचं, मग मागायचं, मागताना लाजायचं पण. त्यापेक्षा सरळ विचारा:

- दिवसातली सगळ्यात ओढाताणीची वेळ कोणती?
- कोणतं काम दुसऱ्यानं केलेलं चालते आणि कोणत्याला हात लावलेला अजिबात चालत नाही?
- त्याच दिवसांत आणखी कोण येऊन राहिलं? (सासू, नणंद, आणि आपण, अन् घर दोन खोल्यांचं, मग झालंच कल्याण.)
- झोपायचं कुठे?

फोन काहीसा असा झाला पाहिजे:

"सांग नं, सकाळी जास्त घाई होते का संध्याकाळी?"
"सकाळी वं ताई. आठले मोठीची बस, अन् त्याच टायमाले लहान्याले भूक लागते."
"मग सकाळचा सयपाक अन् मोठीची बस माह्याकडे. लहान्याचं तू पाय."

एवढंच. या तीन वाक्यांत अर्धी भांडणं वाचतात.

कधी जायचं यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. लेकरू झालं रे झालं की पहिल्या आठवड्यात सगळेच धावतात. तेव्हा नवरा सुट्टीवर असतो, दवाखान्यातल्या सिस्टर असतात, सासर-माहेर दोन्ही हजर. खरी ओढाताण पुढे आहे: नवऱ्याची सुट्टी संपते तो आठवडा, आणि तिची स्वतःची नोकरी परत सुरू होते तो महिना. नोकरीवाल्या बाईला कायद्यानं पहिल्या दोन लेकरांपर्यंत २६ आठवडे पगारी रजा भेटते (२०१७ पासून, त्याआधी १२ होते), पण त्यातले ८ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाच्या आधीच घेता येतात, म्हणून लेकरू जेमतेम चार महिन्यांचं असतानाच ती परत कामावर लागलेली असू शकते. तिसऱ्या लेकराला १२ च आठवडे. अन् जिचं स्वतःचं पार्लर, शिलाई, दुकान आहे तिला कुठली आली रजा. तर तिला विचारा "तू कामावर कधी जाणार", आणि त्याच्या दहा दिवस आधी पोचा. म्हणजे ती घरात असतानाच सगळं पाहून घेता येते, ती निघून गेल्यावर लेकरू आणि आपण एकमेकाचं तोंड पाहत बसत नाही.

दुसरी चांगली वेळ म्हणजे लसीची. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी असतात (६, १०, १४ आठवडे), त्या रात्री लेकरू किरकिर करते, ताप येऊ शकतो, आणि सकाळी तिला उठायचंच असते.

> तपासा: येण्याची आणि जाण्याची, दोन्ही तारखा तिला सांगितल्या का? "राहीन पंधरा-वीस दिवस, पाहू" असं अधांतरी ठेवू नका. जाण्याची तारीख माहीत असली की ती मोकळेपणानं मदत घेते, नाहीतर तिच्या घरात पाहुणा कधी हलतो याचा हिशोब चालू राहतो.

## २. तिकीट आणि मागे आपल्या घराची सोय

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडते, पहिले १२० दिवस होते, पुष्कळ जण अजून जुन्याच हिशोबात आहेत. पुण्याला गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला करत जाते, मुंबईला विदर्भ एक्सप्रेस आहे. तात्काळ आदल्या दिवशी, एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला. ४५ च्या वरच्या बायकांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ भेटतो, वय बरोबर टाका. आपलं लहान लेकरू सोबत नेत असाल तर ५ वर्षांखाली तिकीट नाही. पण नेऊच नका जमलं तर, मदतीला जाताना आणखी एक लेकरू तिच्या घरात कशाला.

जाणं कापसाचा वेचा संपल्यावर ठेवता आलं तर बरं. मजूर पाहणं, घरचा सयपाक, म्हशीचं दूध काढणं हे इथं नीट लावून जा, नाहीतर तिथं दिवसभर फोन चालू राहतो, "तुरीचं काय झालं, कुकर कुठं ठेवला". परतीचं तिकीटही आत्ताच काढा.

## ३. थैलीत काय न्यायचं, काय इथंच ठेवायचं

आपल्या बायका जाताना अर्धं घर घेऊन जातात. दहा किलो गहू, पोतंभर तुरीची डाळ, लोणच्याची बरणी, आणि ती बिचारी तिसऱ्या मजल्यावर ते ठेवू कुठं. मोजकं न्या.

न्या: दोन-तीन किलो घरची तुरीची डाळ, जवसाची चटणी, तीळ, ज्वारीचं पीठ (तिकडे चांगली ज्वारी महाग पडते), गावरान तूप एक डबा. डिंकाचे लाडू तिला आवडत असतील तरच, अन् गोड कमी टाकून. जुन्या मऊ सुती साडीचे, धोतराचे धुतलेले तुकडे, हे सोन्यासारखे आहेत, दुपट्याला, लाळ पुसायला, खाली अंथरायला. पण इथंच गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, बांधून न्या.

कपडे घ्यायचे तर सहा महिन्यांपासून वर्षभराच्या लेकराचे घ्या. एकदम लहानाचे तिला वीस जणांनी दिलेले असतात आणि महिन्यात ते होत नाहीत.

नेऊ नका, आणि इथं जरा थांबून वाचा:

- मध. वर्षाखालच्या लेकराला एक बोटही नाही. मधात जे जंतू राहू शकतात ते मोठ्याला काही करत नाहीत पण तान्ह्याच्या पोटात वाढून विष तयार करतात, अंग लुळं पडते, श्वास अडकतो. गावातल्या पोळ्यातला शुद्ध असला तरी नाही.
- बाळगुटी, ग्राइप वॉटर. किती उगाळलं ते कोणालाच सांगता येत नाही, सहाणेवरचे जंतू वेगळेच.
- काजळ. डोळ्याला इन्फेक्शन, आणि पुष्कळ काजळात शिसं असते. दृष्टीचा टिळा लावायचाच असेल तर तळपायाला, आणि तोही तिला विचारून.
- शेगडी आणि कोळसे. आपल्या घराला कौलं असतात, फटी असतात, मागचं दार उघडं असते, धूर निघून जातो. फ्लॅटमध्ये खिडक्या लावून, एसी नाहीतर पंखा बंद करून बाळंतिणीला कोळशाचा शेक दिला तर खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचते. त्याला वास नाही, रंग नाही, झोप लागल्यासारखं होते आणि माणूस उठत नाही. धुरीचंही तेच. शेक पाहिजे तर तिच्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी.

सोबत आपलं आधार कार्ड, आपल्या गोळ्या, आणि तिचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून, विंग, मजला, फ्लॅट नंबर सगळं. फोन बंद पडला की रिक्षावाल्याला "ते मोठ्ठं पिवळं बिल्डिंग" सांगून काही होत नाही.

> सावध: निघायच्या दोन दिवस आधी सर्दी, खोकला, ताप, जुलाब काहीही असेल तर जाणं पुढे ढकला. तिकिटाचे पैसे जाऊ द्या.

## ४. पोचल्यावर पहिला दिवस: फक्त पाहायचं

गेटवर वॉचमन नाव विचारते, वर फोन लावते, किंवा तिच्या मोबाईलवर परवानगी मागते. यात अपमान वाटून घेऊ नका, तिथं तिच्या सख्ख्या बापालाही असंच आत सोडतात.

घरात गेल्यावर क्रम असा:

1. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत साबणानं, जमलं तर अंघोळ आणि कपडे बदलून.
2. आधी तिच्याजवळ बसा. लेकराकडे नाही, तिच्याकडे. "झोप झाली का तुझी?" हे पहिलं वाक्य. आल्या आल्या सगळेच लेकरावर झेप घेतात आणि ती बाई दारात चहाचा कप घेऊन उभी राहते, हे प्रत्येक घरात दिसते.
3. लेकरू तिनं दिलं की घ्या. मुके घ्यायचे नाहीत, विशेष करून तोंडाचे, हाताचे.
4. मोठं लेकरू असेल तर त्याच्यासाठी काहीतरी वेगळं काढा थैलीतून, आणि लहान्याच्या आधी त्याला द्या.

त्या दिवशी काही बदलायचं नाही, भांड्याची जागा पण नाही. फक्त पाहायचं आणि एका वहीत लिहून घ्यायचं. काय काय?

गॅस पाइपचा आहे का सिलिंडर, बंद कुठून होते. प्यायचं पाणी कोणत्या नळाचं. पाणी किती वाजता येते, का टँकर आहे. मशीनमध्ये लेकराचे कपडे वेगळे टाकते का सोबत, कोणती साबण. ओला कचरा कोणता डबा, सुका कोणता, डायपर कशात बांधून टाकते (हे चुकलं तर सोसायटीवाले तिला बोलतात, तुम्हाला नाही). कामवाली किती वाजता येते आणि तिच्याकडे काय काय काम आहे, कारण आपण तिचं काम करून टाकलं तर ती गावाला निघून गेल्यासारखी दोन दिवस येतच नाही.

आणि दार. शहरातले पुष्कळ दारं ओढलं की आपोआप लॉक होतात. दूध घ्यायला, कचरा ठेवायला बाहेर पाऊल टाकलं, हवेनं दार लागलं, आत लेकरू एकटं आणि गॅसवर कुकर. म्हणून किल्ली दिवसभर कंबरेला, ब्लाउजमध्ये, कुठंही, पण अंगावर. दाराच्या खिळ्याला नाही.

> तपासा: फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर हे नंबर आहेत का: ती, तिचा नवरा, लेकराचे डॉक्टर, शेजारीण, वॉचमन, आणि १०८? नसेल तर आजच लिहून लावा.

## ५. कामं कोणत्या क्रमानं हातात घ्यायची

इथं सगळ्यात मोठी चूक होते. आपण जातो आणि पहिले लेकरू हातात घेतो, मालिश मी करते, अंघोळ मी घालते, झोपवते मी. आणि ती? ती भांडे घासत असते आणि आपल्यासाठी पोळ्या लाटत असते. म्हणजे तिच्याजवळून तेवढं सुखाचं काम घेतलं आणि कष्टाचं तिच्याकडेच ठेवलं, वरून आपण एक ताट वाढवलं.

क्रम उलटा पाहिजे: सयपाक, मग कपडे-भांडे, मग मोठं लेकरू, मग रात्र, सगळ्यात शेवटी लहान लेकरू.

सयपाक. तिला एका हातानं खाता आलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातात लेकरू. मुटके, मेथीचे पराठे गुंडाळून, सांबारवडी (कोथिंबिरीची), उकडलेली अंडी खात असेल तर अंडी. वाटीत चमच्यानं खाता येईल असा गोळाभात, कढी घालून, हा तर तिला गावाची आठवण देतेच. दूध पाजताना तिला तहान लागते, प्रत्येक वेळी ती पाजायला बसली की पाण्याचा गडवा शेजारी नेऊन ठेवायचा, न सांगता. तिखट आपल्या हिशोबानं टाकू नका, घरात सोलापूरचा नाहीतर सातारचा जावई असू शकते, त्याला आपलं झणझणीत वरण चालेलच असं नाही.

अन् "हे खाऊ नको, ते खाऊ नको" ही यादी नेऊच नका. वांगं नको, भात नको, केळ नको, पाणी कमी पी. दूध पाजणाऱ्या बाईला जास्त खायला लागते, कमी नाही. डॉक्टरनं काही बंद केलं असेल तर तेवढंच बंद.

मोठं लेकरू. बसची वेळ, डबा, गृहपाठ, संध्याकाळी खाली खेळायला नेणं. पाळणाघरातून किंवा शाळेतून आणायचं असेल तर तिथं आधी तुमचं नाव आणि फोटो तिनं नोंदवलेला पाहिजे, नाहीतर लेकरू तुमच्या हातात देत नाहीत, आणि देत नाहीत हेच बरोबर आहे. पहिल्या दिवशी तिच्यासोबत जाऊन तोंड दाखवून या.

रात्र. रात्रभर जागून दाखवायची गरज नाही. पहाटेचा पहारा घ्या. पाचच्या सुमारास तिनं पाजलं की लेकरू तुमच्याकडे, ढेकर काढा, आणि आठपर्यंत तिच्या खोलीचं दार लावून घ्या. आपण तसंही पाचला उठतोच, तिथं उठून काय करणार, चहाच ना. ती तीन तासांची सलग झोप तिला कोणत्याही आहेरापेक्षा मोठी आहे. लेकरू झोपवायचं ते पाठीवर, उशी नाही, मोहरीची पण नाही, जाड गोधडी नाही, आणि मांडीवर घेऊन सोफ्यावर आपण डुलकी काढायची नाही.

काढून ठेवलेलं दूध. ती कामावर जाते आणि दूध काढून फ्रिजमध्ये ठेवून जाते, हे आपल्याकडे पुष्कळ जणींनी पाहिलेलं नसते आणि पहिल्या दिवशीच कोणीतरी ते पातेल्यात उकळते. उकळू नका. असं करा:

1. हात धुवा. डब्यावरची तारीख-वेळ पाहा, सगळ्यात जुनं आधी.
2. बाटली किंवा वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट करा. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही, त्यात मध्येच चटका बसेल असं गरम होते.
3. हलक्या हातानं फिरवा, वर साय धरल्यासारखी दिसते ती मिसळते. दूध नासलं समजून फेकू नका, तिनं तासभर बसून काढलं आहे ते.
4. मनगटावर थेंब टाकून पाहा.
5. पाजून उरलेलं दोन तासांत संपवा, नाहीतर टाका. परत फ्रिजमध्ये नाही.

फ्रिजमध्ये असं दूध चार दिवस चालते, बाहेर साध्या थंडाव्यात चार तास. उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका.

आणि पाणी. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच, पाणीसुद्धा नाही. आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत चमच्यानं पाणी पाजायची सवय आहे, पण त्या दुधातच लेकराला लागते तेवढं पाणी असते, उन्हाळ्यात फक्त जास्त वेळा पाजायचं. पोट भरते का नाही ते लघवीवरून कळते, पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा तरी डायपर-लंगोट ओले झाले की बरोबर चाललं आहे. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न, त्यात वर्षापर्यंत मीठ-साखर नको.

मालिश-अंघोळ तिनं दिली तरच घ्या. नाकात-कानात तेल घालायचं नाही, छाती पिळायची नाही, नाक-डोकं ओढून "आकार" द्यायचा नाही. तिनं अंघोळ संध्याकाळी ठेवली असेल तर संध्याकाळीच. तुम्हाला सकाळीच बरी वाटते हे खरं, पण तिची घडी.

> सावध: दुपारी लेकरू झोपलं की घर आवरायला घेऊ नका. सासू किंवा जाऊ झाडत असेल तर कोणती सून आडवी होईल? तुम्ही स्वतः आडव्या व्हा, मग ती होते.

## ६. कौतुक तोंडानं करायचं ते कसं

काम हातात घेतल्यावरच हे करा, आधी नाही. आणि नेमकं करा. "किती करतेस गं बाई" यानं काही होत नाही, ते कोणालाही म्हणता येते. तिनं केलेली एक गोष्ट पकडा जी कोणाला दिसत नाही. लसीचं कार्ड, डॉक्टरच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावलेली फाइल. डब्याची आठवड्याची यादी. ऑफिसमधून फोन चालू असताना एका पायानं पाळणा हलवणं. "हे तारखेनं लावलेलं मले लई आवडलं, मी असं कधी ठेवलंच नाई" असं म्हणा. आणि एकदा तिच्या नवऱ्यासमोर, एकदा तिच्या सासूसमोर म्हणा, स्वयंपाकघरात कानात नाही.

न बोलायची वाक्यं:

- "आमच्या वेळेस असं नव्हतं." हे तर दारातच सोडून द्या.
- "तुम्हाला बरं आहे, कामवाली आहे, मशीन आहे." तिच्याकडे मशीन आहे, पण हाक मारली तर येईल अशी शेजारची काकू नाही, अंगणात लेकरू सोडून द्यायला अंगणच नाही.
- "एवढ्याशाला पाळणाघरात टाकलं?" टाकलं नाही, ठेवलं आहे, पाहून-विचारून.
- "वाळलं वं लेकरू." वजन डॉक्टर पाहतात, कार्डावर लिहिलं असते.
- "बिचारी." कीव नको.

लेकराचा फोटो स्टेटसला टाकायचा तर तिला विचारून. पुष्कळ जणी लेकराचा चेहरा कुठंच टाकत नाहीत, त्यांची कारणं आहेत, आपण गावच्या ग्रुपवर टाकला की तो कुठं कुठं जाते ते आपल्या हातात राहत नाही.

ओटी भरा, जरूर भरा, पण निघायच्या आदल्या दिवशी आणि तिला सोयीच्या वेळी. रविवारी दुपारी लेकरू झोपवायच्या टायमालाच हळद-कुंकू काढून बसू नका.

## ७. तिचं चुकतंय असं वाटलं तर

आधी स्वतःला एक विचारा: हे धोक्याचं आहे का फक्त वेगळं आहे?

वेगळं असेल, म्हणजे डायपर जास्त घालते, लेकराला लवकर झोपवते, गाणी मोबाईलवर लावते, टोपडं घालत नाही, तर गप्प. फारच वाटलं तर एकदा, एकटीला, प्रश्न म्हणून: "याचं डॉक्टरले विचारू का वं एकडाव?" ती नाही म्हणाली की विषय संपला. दुसऱ्यांदा विचारलं की तो टोमणा होते.

धोक्याचं असेल तर मात्र भीड नको, लगेच दवाखाना:

लेकरू तीन महिन्यांच्या आतलं आहे आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर. कोणत्याही वयात दूध ओढणं बंद केलं, लघवी नाही, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, ओठ निळे, झटके, उठवून उठत नाही.

तिला तासाभरात पॅड पूर्ण भिजेल एवढं जाते, ताप, टाक्यातून पू, डोकं खूप दुखून डोळ्यापुढे अंधारी, एकाच पायाची पोटरी सुजून दुखते, दम लागते.

आणि एक जे आपल्याकडे कोणी धरतच नाही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येते, ते जाते. पण दोन आठवड्यांच्या वर रोज रडते, लेकराकडे पाहावंसं वाटत नाही, लेकरू झोपलं तरी हिला झोप नाही, "माझ्यानं होत नाही, मी नसते तर बरं" असं बोलते, तर ते नखरे नाहीत आणि बाहेरची बाधा पण नाही, तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. डॉक्टरकडे न्या. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येते. स्वतःला किंवा लेकराला काही करून घेईन असं बोलली तर तिला एकटी सोडू नका, रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना.

## ८. निघायच्या आधीचे तीन दिवस

जशी कामं घेतली तशीच हळूहळू परत द्यायची, उलट्या क्रमानं नाही, एक-एक करून, आणि सगळी तिच्याकडे नाही. मोठीची बस तुम्ही पाहत होत्या, ती आता तिच्या नवऱ्याकडे द्या. "भाऊजी, उद्यापासून बस तुमच्याकडे बरं का" असं हसत सांगा, आणि उरलेले दोन दिवस तुम्ही घरात असून त्यालाच करू द्या. डबा विसरला तर विसरू द्या, लेकरू एक दिवस कॅन्टीनचं खाते. तुम्ही गेल्यावर हे काम आपोआप तिच्याच पदरात पडते, ते इथंच अडवायचं.

फ्रिज भरून ठेवायच्या भानगडीत पडू नका. दोन दिवस पुरेल एवढं वाटण, कोरडी चटणी, भाजलेली डाळ, एवढं पुष्कळ. वहीत लिहून घेतलेलं तिला देऊन जा, पाळणाघरवाली किंवा पुढची येणारी कामवाली तेच वाचून काम करू शकते.

बाळाच्या हातावर पैसे ठेवायचे ते ठेवा. तिनं तिकिटाचे पैसे द्यायला काढले तर एकदाच नाही म्हणा, दारात ओढाताण नको, खाली रिक्षा थांबली असते.

> तपासा: किल्ली परत दिली का? पाळणाघरातल्या यादीतून तुमचं नाव काढायचं का ठेवायचं, ते तिला विचारलं का? चार्जर?

घरी आल्यावर बोअरिंगवर बायका विचारतीलच, कसं आहे तिचं, नवरा काम करते का, सासू कशी आहे. तिथं घरातलं काही सांगायचं नाही, गावातलं बोलणं तिच्यापर्यंत संध्याकाळच्या आत पोचते. पोरगी नोकरी करून दोन लेकरं कशी पाहते, काय काय करते, ते सांगा, आणि ते सांगताना "पण" लावू नका.

फोन ठरलेल्या वेळी करा, तिच्या सोयीच्या, सकाळी आठला नाही. मोठ्या लेकराशी व्हिडिओ कॉलवर वेगळं बोला, तेवढी पंधरा मिनिटं तिचे हात मोकळे होतात. आणि पुढच्या लसीची तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, गोवर-रुबेलाची नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लावा, आणि लेकराच्या आधी तिला विचारा, रात्री झोपली का.